बंगल्यांच्या जुन्या सोसायटीचा इतिहास कसा लिहावा

सोसायटीला पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे होत आली की स्मरणिका काढायचे ठरते, समिती नेमली जाते, आणि पहिल्याच बैठकीत यादी होते ती इथे राहून गेलेल्या मोठ्या माणसांची. अमक्या बंगल्यात न्यायमूर्ती राहत, तमक्या बंगल्यात गायिका. ही यादी करायला हरकत नाही, पण ती शेवटी करावी. सधन वस्तीचा स्वभाव तीन गोष्टींनी ठरतो: प्लॉट केवढा पाडला, खरेदीखतात काय अटी घातल्या आणि सभासद कोणाला होता येत असे. न्यायमूर्ती आणि गायिका तिथे का आले, दोन गल्ल्या सोडून पलीकडे का नाही गेले, याचे उत्तर याच तीन गोष्टींत असते. आणि त्या तिन्ही कागदावर असतात. त्यामुळे कामाची सुरुवात दिवाणखान्यात गप्पा मारून नव्हे, भूमी अभिलेखच्या खिडकीवर करायची.

आधी जन्म कसा झाला ते ठरवा

महाराष्ट्रातल्या जुन्या वस्त्या बहुतेक तीन वाटांनी जन्मल्या, आणि वाट कोणती यावर कागद कुठे सापडतील ते ठरते.

पहिली वाट सहकारी संस्थेची. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने घरबांधणीसारख्या इतर कामांसाठी संस्था काढता येऊ लागल्या, आणि १९१५ साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. अशा वस्तीत जमीन संस्थेने घेतलेली असते. मुख्य ऐवज संस्थेच्या दप्तरात आणि सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे.

दुसरी वाट सरकारी किंवा निमसरकारी योजनेची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्याने केली. दादरची पारशी कॉलनी या योजनेतली: मंचरजी एदलजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून १०३ प्लॉट पारशांसाठी राखून घेतले आणि कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे लावायची इथपर्यंत आखून दिले. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, म्हणून त्याच्या भाडेपट्ट्यांचा शोध महापालिकेच्या मालमत्ता खात्यात घ्यावा लागतो. १९१५ च्या नगररचना कायद्याखालच्या टी. पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीमही याच वाटेच्या. पुण्यात प्रभात रोड, एरंडवणे भागातल्या जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो तो तिथून आलेला.

तिसरी वाट खाजगी मालकाची. इनामदार, सावकार, एखादी कंपनी किंवा संस्थानिक शेतजमीन घेऊन तिचे प्लॉट पाडतो आणि एकेक विकतो. इथे संस्था असलीच तर नंतर जन्मते, आणि 'स्थापना' म्हणून फाटकावर लिहिलेले साल प्लॉट पाडल्यापेक्षा वीस वर्षांनी अलीकडचे असू शकते. सारे काही खरेदीखतांत विखुरलेले असते, म्हणून तिन्हींत सर्वांत कष्टाचे काम हेच.

आकड्यांची साखळी

एकाच जमिनीला आयुष्यभरात चार-पाच क्रमांक मिळतात. गावचा सर्व्हे नंबर, मग हिस्सा, मग नगर भूमापनाचा सि.स. नंबर (सीटीएस), टी. पी. स्कीम असेल तर फायनल प्लॉट नंबर, सोसायटीच्या ले-आउटमधला प्लॉट नंबर, आणि महापालिकेचा घर क्रमांक. मुंबई शहराच्या बेटावर सातबारा नाही. तिथे कॅडस्ट्रल सर्व्हेचा सी.एस. नंबर चालतो. उपनगरात मात्र सीटीएस. मुंबई बेटाचे जुने तपशीलवार मोजणी-नकाशे लॉटन या अधिकाऱ्याचे, १८७२ चे; त्यात आजची वस्ती शोधून पाहिली की तिथे वाडी होती, खाजण होते की दगडाची खाण ते दिसते.

एका वहीत प्लॉटगणिक एक ओळ करून हे सगळे क्रमांक शेजारी शेजारी मांडा. ही वही पुरी होईपर्यंत दुसरे काहीही लिहू नका. निम्म्या स्मरणिकांत एका बंगल्याचा इतिहास शेजारच्याच्या नावावर गेलेला असतो, कारण कोणीतरी सोसायटीचा प्लॉट ७ आणि फायनल प्लॉट ७ एकच समजले.

जुना सर्व्हे नंबर आणि नवा प्लॉट यांना जोडणारा कागद म्हणजे कमी-जास्त पत्रक, ज्याला कचेरीत सगळे 'केजेपी' म्हणतात. सर्व्हे नंबर फुटून त्यातून कोणते तुकडे, किती क्षेत्राचे निघाले आणि आकार (म्हणजे सारा) कसा वाटला गेला ते त्यात असते. सोबत आकारफोड पत्रक आणि फाळणी नकाशा मागा. तालुक्याचे भूमी अभिलेख उपअधीक्षक किंवा शहरात नगर भूमापन अधिकारी यांच्याकडे साधा अर्ज करायचा, नक्कल फी भरायची. यासाठी माहिती अधिकार वापरायची गरज नाही. ज्या नकलेची फी आणि रीत ठरलेली आहे ती नेहमीच्या अर्जानेच लवकर मिळते. अर्जात 'संपूर्ण रेकॉर्ड द्यावे' असे लिहिलेत तर अर्ज परत येईल. कागदाचे नाव, गाव, नंबर आणि अंदाजे साल, चारही द्या.

बऱ्याच जिल्ह्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन राज्याच्या अभिलेख संकेतस्थळावर आहेत. आधी तिथे पाहा, मगच कचेरीची पायरी चढा.

सातबारा, फेरफार आणि मालमत्ता पत्रक वाचताना

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. मालकी बदलली की नोंद होते ती नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. इतिहासासाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार मोलाचा. सातबाऱ्यावर नावाभोवती वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. त्याची नक्कल काढली की विकणारा, घेणारा, रक्कम आणि तारीख हाती येते. पुष्कळदा भांडणही येते.

काही खुणा ओळखीच्या करून घ्या. नावापुढे 'एकुमॅ' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला आहे. त्याला एकट्याला मालक म्हणून लिहिले की उरलेल्या भावांची नातवंडे दारात उभी राहणार. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: जमीन लहान मुलाच्या नावे आणि कारभार आईचा किंवा काकाचा. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचे नाव असेल तर तिथे थांबा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या तारखेला जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. शहराकडेच्या जमिनींत त्याआधीच्या काही वर्षांत कुळाने 'राजीखुषीने' कब्जा सोडल्याच्या नोंदी सापडतात. आपल्या वस्तीच्या जागी ज्वारी कोण पिकवत होते याचा हा बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो, आणि स्मरणिकेत तो क्वचितच येतो. यावा.

इनाम वर्ग, नवीन शर्त, भोगवटादार वर्ग दोन हे शब्द दिसले तर जमीन मोकळेपणाने विकता येत नव्हती. सरकारने सोसायटीला कब्जेहक्काने दिलेली जमीन बहुधा वर्ग दोनची, आणि अशा वस्तीत दर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागत आला. तिथले बंगले पन्नास-साठ वर्षे त्याच घराण्यांत का राहिले, याचे कारण प्रेमापेक्षा पुष्कळदा हे.

शेतीचा वापर बदलल्याचा हुकूम, म्हणजे एन.ए. ऑर्डर, जरूर मिळवा. १५ ऑगस्ट १९६७ नंतरचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खालचा, आधीचा असेल तर १८७९ च्या कायद्याच्या कलम ६५ खालचा. त्याला मंजूर ले-आउट जोडलेला असतो, आणि त्या नकाशात मूळ मोकळी जागा, बागेची जागा, रस्त्याची रुंदी सगळे असते. आज जिथे क्लबहाउस आहे तिथे तेव्हा काय होते हे पाहण्यासारखे असते.

मोजमापाची गल्लत फार होते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, म्हणजे १२१ चौरस यार्ड किंवा १०१.१७ चौरस मीटर. जुनी खते चौरस यार्डात, सातबारा एकर-गुंठ्यात आणि नंतर हेक्टर-आरमध्ये, मालमत्ता पत्रक (नगर भूमापनातला मालकीचा उतारा) चौरस मीटरमध्ये. १,२१० यार्डांचा प्लॉट म्हणजे बरोबर दहा गुंठे, १,०११.७ चौरस मीटर. तीनही कागदांवर हा आकडा जुळत नसेल तर मधल्या काळात रस्तारुंदीत पट्टी गेली, भावांत वाटप झाले किंवा कुंपण सरकले. कोणते घडले ते फेरफार सांगेल.

खते मोडीत असण्याची शक्यता विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत धरावी. शके दिले असेल तर ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

खरेदीखत: इथे वस्तीचा स्वभाव सापडतो

नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा 'इंडेक्स टू' मध्ये मिळतो. ऑनलाइन शोध मुंबईसाठी साधारण १९८५ पासून, बाकी महाराष्ट्रासाठी २००२ पासून. त्याआधीच्या दस्तासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गावाचे नाव आणि साल देऊन हाताने शोध घ्यावा लागतो. शोध फी दर सालाची असते, म्हणून साल जितके नेमके तितका खर्च कमी. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे घरोघरी विचारणे. मूळ खत बहुतेकांच्या बँक लॉकरमध्ये असते. कर्ज काढताना वकिलाने केलेला सर्च रिपोर्टही चालतो, मात्र तो बहुधा तीस वर्षांचाच असतो.

खत हाती आले की किंमत वाचायच्या आधी चतुःसीमा वाचा. 'पूर्वेस अमुक यांचा प्लॉट, पश्चिमेस वीस फुटी रस्ता, दक्षिणेस लिहून देणार यांची शिल्लक जमीन, उत्तरेस ओढा.' एका खतातून चार शेजारी कळतात. वेगवेगळ्या सालांची आठ-दहा खते जमली की त्या त्या वर्षी कोणते प्लॉट विकले गेले होते, कोणते पडून होते आणि ओढा कोठून वाहत होता याचा नकाशा काढता येतो. जुन्या वस्तीचा विकासक्रम सांगणारा याहून भरवशाचा मार्ग नाही. आठवणीत सगळे बंगले 'एकदमच' उभे राहिलेले असतात.

मग अटी. बहुतेक खतांत शेवटच्या पानांवर असतात. साधारणपणे आढळणाऱ्या अशा:

- प्लॉटचा ठराविक हिस्साच, पुष्कळदा एक तृतीयांश, बांधकामाखाली आणायचा;
- तळमजला आणि वर एक मजला, त्याहून उंच नाही; पुढे, मागे, बाजूला ठराविक फूट मोकळे सोडायचे;
- एका प्लॉटवर एकच राहते घर; दुकान, कारखाना, खानावळ, गोठा चालणार नाही;
- ठराविक मुदतीत बांधले नाही तर प्लॉट परत;
- विकायचा झाल्यास आधी सोसायटीला विचारायचे, आणि घेणारा अमुक ज्ञातीचा किंवा सभासद होण्यास पात्र असावा.

प्रत्येक अट किती खतांत आहे, कोणत्या सालापासून नाहीशी झाली, याची नोंद ठेवा. शेवटची अट लाजून गाळू नका. ज्ञातीच्या संस्थांनी शहरात घरे बांधून दिली हे खरे, आणि त्याच नियमाने इतरांना बाहेर ठेवले हेही खरे. हा प्रश्न जुना झालेला नाही: अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेची सभासदत्व समाजापुरते ठेवणारी पोटनियमाची अट सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली. आपल्या संस्थेच्या उपविधीत ती अट होती का, केव्हा काढली, कोणत्या सर्वसाधारण सभेत आणि चर्चा काय झाली, हे लिहिले तर स्मरणिका वाचनीय होते.

एक सूचना तारखेबद्दल. साठेखत, खरेदीखत, ताबा, बांधकाम परवाना, भोगवटा पत्र आणि घरपट्टीची पहिली आकारणी या सहा वेगळ्या तारखा आहेत. 'बंगला १९३८ चा' असे म्हणताना कोणती तारीख ते ठरवून घ्या आणि सगळ्या बंगल्यांना तीच लावा. दुसऱ्या महायुद्धात सिमेंट आणि लोखंडावर नियंत्रण होते, त्यामुळे १९३९-४० ला घेतलेल्या प्लॉटवर घर १९४८ मध्ये उभे राहिले असे सहज घडते. घर प्रत्यक्ष राहते केव्हा झाले यासाठी महापालिकेची करआकारणी नोंदवही सर्वांत जवळचा पुरावा.

सोसायटीचे दप्तर

संस्था कोणत्या प्रकारची, ते नोंदणी प्रमाणपत्रावर पाहा. 'टेनंट ओनरशिप' म्हणजे जमीन संस्थेची, घर सभासदाचे. 'टेनंट को-पार्टनरशिप' म्हणजे दोन्ही संस्थेचे. बंगल्यांच्या वस्त्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या, आणि संस्थेचा दरारा त्यातून येतो: घर तुमचे असले तरी पायाखालची माती संस्थेची. रंग कोणता द्यायचा, कुंपण किती उंच, यावरून पत्रव्यवहार होतो तो या आधारावर.

पाहायच्या वह्या: सभासद नोंदवही (आय रजिस्टर), सभासदांची यादी (जे रजिस्टर), भागपत्रांची प्रतिपत्रे, सर्वसाधारण सभा आणि व्यवस्थापक समितीची इतिवृत्ते, उपविधीच्या सर्व आवृत्त्या, हिशेबपत्रके. सभासदाला उपविधी, हिशेब, सभासद यादी आणि इतिवृत्ते पाहण्याचा हक्क १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ ने दिला आहे, तेव्हा चिटणीस कपाटाची किल्ली देत नसतील तर हे कलम लिहून अर्ज द्या. संस्थेलाच माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उपयोग नाही: सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. अर्ज उपनिबंधकांकडे करा. त्यांच्या फाइलीत नोंदणीचा प्रस्ताव, प्रवर्तकांच्या सह्या, मूळ उपविधी आणि लेखापरीक्षण अहवाल असतात. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रत मागण्याआधी फाइल पाहू देण्याची मागणी करावी. नाहीतर तीनशे पानांच्या नकलेचे पैसे भरून त्यातली अडीचशे पाने पावत्यांची निघतात.

इतिवृत्ते वाचण्याचा कंटाळा येतो, पण वस्तीचा खरा आवाज तिथेच आहे. पाण्याचा हौद, रात्रीचा गुरखा, बाहेरच्या मुलांनी मैदानात खेळावे की नाही, आउटहाउसमधल्या नोकरांनी कोणता नळ वापरावा, पहिली मोटार फाटकासमोर कोणी लावली. विषयवार नोंदी काढा: पाणी, रस्ता, झाडे, मैदान, नोकरवर्ग, पोटभाडेकरू, मजले. दर दहा वर्षांत कोणता विषय किती वेळा आला हे मोजले की वस्तीची काळजी कशाकडून कशाकडे सरकली ते दिसते. गल्लीला नाव कधी पडले हेही बहुधा याच वहीत सापडते.

पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, पुण्यात नदीकाठच्या घरांतली आणि कचेऱ्यांतली कागदपत्रे गेली. पुण्याच्या संस्थेची १९६१ आधीची वही नसेल तर कोणाला दोष देण्याआधी दप्तर तेव्हा कोणाच्या घरी होते ते विचारा. अशा वेळी उपनिबंधकाची फाइल आणि राज्य पुराभिलेखागार हे दोन पर्याय उरतात. मुंबईचे पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्याचे पेशवे दफ्तराच्या इमारतीत. तिथे महसूल खात्याचे खंड आणि सरकारी गॅझेट मिळते. प्लॉटची लहानसहान भानगड तिथे सापडणार नाही. योजना, भूसंपादन आणि जमीन देण्याचे ठराव सापडतात. वस्ती होण्यापूर्वीच्या गावासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा अठरावा खंड पाहावा. १८८५ चा आहे आणि त्यात भांबुर्ड्यासारख्या (आजचे शिवाजीनगर) तेव्हाच्या खेड्यांची माहिती आहे.

१९७६ आणि त्यानंतर

मोठ्या प्लॉटच्या वस्तीचे आयुष्य नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने दोन भागांत कापले जाते. १९७६ च्या या कायद्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा मुंबईत ५०० आणि पुण्यात १,००० चौरस मीटर होती. वरचा दहा गुंठ्यांचा प्लॉट आठवा: पुण्याच्या मर्यादेपेक्षा तो जेमतेम बारा चौरस मीटरने मोठा. पण नुसत्या क्षेत्रावरून 'बंगल्याची जमीन सरकारने घेतली' असे लिहू नका. घराखालची जागा, भोवतीची जागा आणि घर केव्हाचे यावर हिशेब बदले. कलम ६ चे विवरणपत्र, कलम ८(४) चा जादा जमीन ठरवणारा आदेश, कलम २० ची सूट, यांपैकी काय झाले ते मालमत्ता पत्रकाच्या इतर हक्कांच्या रकान्यात आणि संबंधित फाइलीत पाहावे. त्या सुमारास नोंदलेल्या कौटुंबिक वाटण्या, बागेच्या मधोमध घातलेल्या भिंती, मुलांच्या नावे केलेली बक्षीसपत्रे यांकडे लक्ष ठेवा. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला; महाराष्ट्रात तो २९ नोव्हेंबर २००७ पर्यंत चालू होता.

दुसरे वळण फ्लॅटचे. १९६३ च्या मोफा (ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याने आणि १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने एका प्लॉटवर अनेक मालक होण्याची सोय झाली. 'एका प्लॉटवर एकच राहते घर' ही अट असलेल्या वस्तीत पहिली अपार्टमेंट कशी उभी राहिली, सोसायटीने ना हरकत दिली की दावा लढवला, हा प्रत्येक बंगलेवस्तीच्या इतिहासातला सर्वांत नाट्यमय भाग. आणि तिसरे, भाडेकरू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात तळमजला अडकला आणि मालकाला दुरुस्ती परवडेना. पडझड झालेले कित्येक बंगले बेफिकिरीने नव्हे, या हिशेबाने पडले.

इमारत पाहताना

कागद पुरे झाले की बंगला पाहायचा, उलट नव्हे. भिंतीची जाडी मोजा: चुन्यातली दगडी किंवा विटांची भार पेलणारी भिंत दीड फुटाची, आरसीसी सांगाड्यातली बाहेरची नऊ इंची. मूळ घर कुठे संपते आणि वाढीव खोली कुठे सुरू होते ते दाराच्या चौकटीतच कळते. लोखंडी तुळयांवर उठावदार अक्षरांत कारखान्याचे नाव असते. ते उजेड तिरपा पाडून वाचा.

मंगळुरी कौलाने भलेभले फसतात. कौलाच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचे नाव आणि १८६५ दिसले की घर दीडशे वर्षांचे ठरवून मोकळे होतात. ते साल कारखाना निघाल्याचे आहे. तसे कौल नंतरही वर्षानुवर्षे निघत राहिले. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा कौलावर 'कॉमनवेल्थ' असेल तर ते त्या पुढचे. शिवाय कौले बदलली जातात, दुसऱ्या घराची उतरवून आणली जातात. कौल एकटे पुरावा नाही. रंगीत सिमेंट टाइल्सबाबत तेच: तळमजल्याची नक्षी जिन्याखालच्या कोपऱ्यात वेगळी दिसली तर जुनी फरशी तिथे उरली आहे.

झाडांच्या घेरावरून वय काढू नका. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो आणि चाळीस वर्षांचा शंभरचा वाटतो.

माणसांशी बोलताना

साल विचारू नये, संदर्भ विचारावा. पुण्यात 'पानशेतच्या आधी की नंतर?', मुंबईत 'ट्राम होती का तेव्हा?' (शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली), सगळीकडे 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा इथेच होता का?' (११ डिसेंबर १९६७). यावर उत्तर लगेच येते आणि सहसा चुकत नाही. जुना फोटो किंवा ले-आउटची प्रत समोर ठेवून बोट फिरवत बोलायला सांगा. सभासदांबरोबर माळी, इस्त्रीवाले, दूधवाले, पिढीजात स्वयंपाकीण यांच्याकडेही जा. कोणत्या बंगल्यात मागच्या दाराने यावे लागे हे तेच सांगू शकतात. ध्वनिमुद्रणाआधी लेखी संमती घ्या, आणि छापण्याआधी मजकूर दाखवा.

छापू नये अशा गोष्टी ठरवून ठेवाव्यात: चालू दावे, हयात मालकांचे खरेदीमूल्य, लॉकरमधल्या खताच्या सहीचे पान, आधार किंवा पॅन क्रमांक, घराचा आतला नकाशा. वारसांत वाद असलेल्या बंगल्याबद्दल फक्त नोंदणीकृत दस्तात आहे तेवढेच लिहावे आणि दस्ताचा क्रमांक द्यावा.

गोळा झालेले कागद स्मरणिकेबरोबर संपू देऊ नका. खते ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला स्कॅन करा. फाइलीच्या नावात प्लॉट क्रमांक, साल आणि दस्ताचा प्रकार याच क्रमाने लिहा. एक संच सोसायटीत, एक जवळच्या ग्रंथालयात, एक बाहेरच्या शहरात राहणाऱ्या सभासदाकडे. मूळ फोटोंच्या पाठीवर पेनने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीने प्लॉट नंबर आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत.